हललेला फोटो

गेल्या दिवाळीत अनसिंगच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. फराळ झाल्यावर पुतण्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "काका, हे बघा." बघितले तर फोटो आमचाच. बैठकीच्या खोलीत दारावर कितीतरी वर्षे टांगलेला, कडा पिवळसर पडलेला, काळा-पांढरा. फक्त आता तो रंगीत झाला होता. आजोबांचा फेटा केशरी, मागचा पडदा हिरवा, आभाळ निळे. मोबाइलमधल्या कुठल्याशा यंत्रबुद्धीने अर्ध्या मिनिटात हे काम केले होते. पोरे खूश झाली. मीही झालो. खोटे कशाला सांगू?

मग कोणीतरी तो मोबाइल आत्याकडे नेला. आत्या आता एक्याऐंशी वर्षांची आहे. फोटोत ती चौदा वर्षांची, उजवीकडून दुसरी उभी आहे. तिने चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि विचारले, "हे निळं लुगडंवाली कोन होय?"

"आजी, तूच आहेस ना ती!"

"मी नोहे. मी निळं लुगडं कधी नेसलीच नाई तवा. डाळिंबी होतं माह्यं. पयलंच होतं."

पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण या फोटोत मीही आहे. आईच्या मांडीवर दीड वर्षाचा एक मुलगा बसलेला आहे. त्याचे तोंड दिसत नाही, तोंडाच्या जागी पुसट धुरकट गोळा आहे. फोटो निघत असताना त्याने मान फिरवली. घरात त्याला आजही 'हललेला' म्हणतात. जुन्या फोटोंच्या आत शिरून पाहता आले तर काय दिसेल, काय ऐकू येईल, कसला वास येईल, असले विचार मनात येण्याचा माझा रिकामटेकडा छंद जुना आहे. पण इथे तर मी खरोखरच आत होतो आणि मला त्यातले काहीही ठाऊक नाही! ऊन किती होते ते नाही, आईच्या पदराला कसला वास होता ते नाही, मान का फिरवली तेही नाही. जिला ठाऊक आहे ती आत्या समोर बसली होती. आणि आम्ही सगळे तिचे लुगडे निळे करून हसत होतो.

फोटो मे १९५८ चा. काकांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा. अनसिंग तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि अकोला द्विभाषिक मुंबई राज्यात; वाशीम जिल्हा १९९८ मध्ये झाला. गाव वाशीमहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावर. शृंगऋषींवरून गावाचे नाव पडले असे गावात सांगतात. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. आमच्या घराच्या अंगणात कॅमेरा येऊन उभा राहायला त्यानंतर शंभरावर वर्षे लागली. फोटोग्राफर वाशीमहून मोटारीने आला होता, सोबत तीन पायांची घोडी, लाकडी पेटीचा कॅमेरा आणि गुंडाळलेला पडदा घेऊन.

त्या दिवशी संध्याकाळी मी आत्याजवळ बसलो आणि तिला विचारत गेलो. हा उद्योग मी चाळीस वर्षांपूर्वीच करायला हवा होता. तेव्हा फोटोतली सहा माणसे जिवंत होती. आज आम्ही दोघेच उरलो आहोत, आणि त्यातला एक हललेला.

काळ्या-पांढऱ्या फोटोने आपल्या मनात भूतकाळाविषयी एक विचित्र समजूत करून दिली आहे. जुना काळ म्हणजे करडा, शांत, गंभीर. माणसे धीरोदात्त, कमी बोलणारी, करारी. आमच्या आजीचा फोटोतला चेहरा पाहून आम्ही नातवंडे तिला जन्मभर कडक समजत आलो. आत्या म्हणाली, "कडक कायची! खुर्चीवर बसली होती ना ते. चार मान्सायपुढं खुर्चीवर कधी बसली नव्हती बिचारी. अर्धीच टेकली होती, पडतो का काय असं वाटे तिले." खुर्च्या शाळेतून आणल्या होत्या. फोटोग्राफरने भिंगावरचे झाकण काढून मोजायला सुरुवात केली, 'हलू नका' म्हणून दम भरला आणि आजीने श्वास कोंडून धरला. ज्याला आम्ही करारीपणा म्हणत होतो तो कोंडलेला श्वास होता.

आणि शांतता? आत्याच्या सांगण्याप्रमाणे त्या क्षणी अंगणात इतका गलबला होता की फोटोग्राफरचे मोजणे कोणालाच ऐकू येत नव्हते. मांडवाच्या आंब्या-जांभळाच्या डहाळ्या एका दिवसात वाळून खडखड वाजत होत्या. व्याह्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजत होत्या. मागे आचारी आणि काकू यांचे उरलेल्या बुंदीवरून भांडण चालले होते. गावातली पोरे काळ्या फडक्याखाली घुसायला पाहत होती, कारण एकाने आत डोकावून सांगितले होते की आजोबा आत उलटे टांगलेले दिसतात. ते खरेच होते. पेटीच्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर चित्र उलटेच पडते. वऱ्हाडातल्या मे महिन्यातल्या उन्हात, सडा घातलेल्या मातीचा, शेणाचा, तेलाच्या कढईचा आणि पन्नास माणसांच्या घामाचा वास. फोटोत यातले काय आहे? आभाळ पांढरेफटक आहे आणि माणसांचे डोळे बारीक झाले आहेत, एवढेच. त्या बारीक डोळ्यांवरून ऊन ओळखायचे.

रंगांची गोष्ट आणखी गमतीची आहे. सुरुवातीच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन 'दिसे' आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून फार जुन्या फोटोंत आभाळ कोरे आणि कुंकू काळे येते. छपाईच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालतो तोही याचमुळे. कागदाला लाल कळत नाही. पुढे सर्व रंगांना जागी असलेली फिल्म आली, तरी डाळिंबी लुगडे आणि गडद निळे लुगडे यांची करडी छटा एकच असू शकते. म्हणजे त्या करड्या रंगात डाळिंबी साठवलेला नाही. तो गेला. कितीही हुशार यंत्र असले तरी ते नसलेल्या गोष्टीतून काय काढणार? ते लाखो इतर फोटो पाहून अदमास बांधते. अदमास चुकला याबद्दल माझी तक्रार नाही. तो चुकला आहे हे सांगणारे माणूस घरात बसलेले असताना आपण त्याला विचारत नाही, ही तक्रार आहे. आणखी पाच-दहा वर्षांनी ते माणूस नसेल आणि लुगडे कायमचे निळे होईल.

गाडगेबाबांचा फोटो आपल्याकडे कोणाला माहीत नाही? अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. विदर्भातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर तो आहे. बाबा डिसेंबर १९५६ मध्ये गेले. त्या गोधडीचे ठिगळ कोणकोणत्या रंगांचे होते? खराट्याचा जमिनीवर आवाज कसा येई? ज्यांच्या गावात बाबा कीर्तनाला आले होते त्यांना हे सांगता आले असते. आज कॅलेंडरवाले त्या चिंध्या हौसेने रंगवतात. दिसायला सुरेख दिसतात, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

तरीही, 'रंग देऊ नका, आठवणी गोळा करा' एवढे गोड सांगून हा लेख मला संपवता आला असता तर बरे झाले असते. जुन्या फोटोंवर लिहिणाऱ्यांची ही नेहमीची वाट आहे. आजीचा पदर, चुलीचा धूर, मातीचा वास, आणि मग डोळ्यांत पाणी. पण फोटोच्या आत खरोखर नाक आणि कान घेऊन शिरायचे म्हटले की तिथे केवळ चुलीचा धूर नसतो.

मद्रास इलाख्यातल्या १८७६-७८ च्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने भुकेने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो काढले. ते आजही पाहायला मिळतात. माणसे नीट रांगेत बसवलेली आहेत, कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्या माणसांसाठी त्याने काही केले का, असा सवाल त्याच्याच काळात झाला होता. ते फोटो आपण पाहू शकतो, हळहळून पान उलटू शकतो, याचे कारण त्यांना वास नाही. कण्हण्याचा आवाज नाही. काळ्या-पांढऱ्या रंगाने आपल्यावर उपकार केले आहेत. त्याने आपल्याला तिथून दूर बसवले आहे. तेव्हा आत जायचे असेल तर हे अंतर सोडून जायला हवे. आमच्या घरातल्या फोटोच्या बाबतीत ते मला सोडावे लागले.

मी आत्याला विचारले, "पण मी का हललो गं?"

ती चटकन म्हणाली, "तुले त्यानं हाक मारली ना. सालदारानं."

आमच्याकडे एक सालदार होता. पाडव्याला साल ठरे, आणि त्याचे आमच्याकडेच ठरत गेले, वीस-बावीस वर्षे. फोटोग्राफरने आणलेल्या पडद्याचे एक टोक अंगणातल्या कडुनिंबाला बांधले, दुसरे बांधायला काही नव्हते. म्हणून ते सालदाराच्या हातात दिले. तो चौकटीच्या बाहेर, उन्हात, हात वर करून पडदा ताणून उभा राहिला. चार वेळा सगळ्यांना बसवले-उठवले, तेवढा वेळ तो तसाच. मी रडायच्या बेतात आहे हे त्याने पाहिले आणि जिभेने टाळूवर तो बैलांना चुचकारताना काढायचा तसला आवाज काढला. मी त्याच्याकडे वळलो. नेमक्या त्याच वेळी भिंगाचे झाकण उघडे होते.

"फोटोवाल्यानं त्याले लय शिव्या देल्ल्या," आत्या म्हणाली. "पन तू हासला होता."

म्हणजे त्या धुरकट गोळ्यात एक हसू आहे आणि एक आवाज आहे. सबंध फोटोत जी एकच गोष्ट बिघडली असे आम्ही मानत आलो, तिथेच तेवढा आवाज उमटला आहे.

मी म्हणालो, "पण फोटोत तर तो कुठेच दिसत नाही."

"हात दिसते ना त्याचा."

दारावरच्या फोटोत हात नाही. आत्याच्या सांगण्यावरून माळ्यावरची पेटी काढली. पेटीत त्याच फोटोची दुसरी प्रत निघाली, पुठ्ठ्याला चिकटवलेली, एका कोपऱ्याला वाळवीने खाल्लेली. त्या प्रतीत डाव्या कडेला पडद्याची किनार धरलेला एक हात आहे, मनगटाच्या थोडा खालपर्यंत. चौकट करणाऱ्याने काच बसावी म्हणून, की आजोबांनी सांगितले म्हणून, दारावरच्या प्रतीतून तो कापून टाकलेला होता. पुतण्याच्या यंत्राकडे गेली ती हीच कापलेली प्रत. मी मुद्दाम त्याला पूर्ण प्रतीचाही फोटो घ्यायला लावला. यंत्राला तो हात कळलाच नाही. त्याने तो पडद्याच्या चुण्यांत मिसळून हिरवा करून टाकला.

आता पुढचे. मी आत्याला सहज म्हणालो, त्याने मला खांद्यावर घेऊन पुष्कळ हिंडवले असेल. ती जरा थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "घे ना. वावरात घेऊन जाये. पन घरात घेयाच्या आंधी आई तुह्यावर पानी शिंपडे."

सालदार महार होता. वट्ट्याच्या पुढे तो येत नसे. त्याला पाणी वरून वाढत. हे मला माहीत नव्हते असे म्हटले तर तो ढोंगीपणा होईल. त्या काळच्या गावात काय होते ते मी पुस्तकांतून वाचले आहे, त्यावर भाषणेही केली आहेत. पण ते आपल्याच अंगावर पडलेले पाणी असेल हे मनात आले नव्हते. कोंडलेल्या श्वासाच्या त्या आजीच्या हातचे पाणी. ते थंड असेल. मे महिन्यात ते बरेही वाटले असेल. फोटोच्या आत शिरून मला पहिला जो स्पर्श मिळाला तो हा.

त्यात एक विसंगती आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. फोटोच्या कागदावरचा चकचकीत थर जिलेटिनचा असतो. जनावरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेला सरसासारखा पदार्थ, त्यात चांदीचे बारीक कण. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने ज्यांच्यावर लादले, त्यांचा हात लागला तर मूल शिंपडून घ्यायचे. आणि हाडांच्या सरसाचा कागद मात्र काचेत घालून बैठकीत, देवांच्या तसबिरींच्या ओळीत. दसऱ्याला त्याला हारही पडत असे!

सालदार १९७२ च्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी गेला. त्याचा मुलगा माझ्याच वयाचा. गावच्या शाळेत आम्ही काही वर्षे एका वर्गात होतो. शिकून नोकरीला लागला, आता निवृत्त होऊन अकोल्याला असतो. मी त्यांना फोन केला. एवढ्या वर्षांनी काय बोलावे ते सुचेना, म्हणून सरळच सांगितले, "भाऊ, तुमच्या वडिलांचा एक फोटो सापडला आहे. म्हणजे, हात."

बराच वेळ पलीकडून काही बोलणे आले नाही. मग ते म्हणाले, "आमच्याजवळ बाबांचा एकही फोटो नाही. एक आहे, पण त्यात ते कुठे आहेत ते माहीत नाही."

मला वाटले, स्मरणशक्तीची काही गडबड असावी. तसे नव्हते. त्यांचे वडील १९५६ मध्ये नागपूरला गेले होते. चौदा ऑक्टोबर, अशोक विजयादशमी. अनसिंगहून नागपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गावातल्या काही जणांबरोबर, मिळेल त्या वाहनाने आणि वाहन नसेल तिथे पायी. त्या दिवशीच्या जनसमुदायाचे फोटो दसऱ्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत, विशेषांकांत येतात. गर्दीत माणूस म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. "दरवर्षी भिंग घेऊन बसतो," ते म्हणाले. "बाबा त्यात आहेत हे नक्की. कोणता ठिपका, ते नाही."

फोटोच्या आत शिरण्याचा माझा छंद इतकी वर्षे चालला होता तो गंमत म्हणून. हा माणूस सबंध आयुष्य ते करत आला होता, आणि ते गमतीसाठी नव्हते. त्या फोटोच्या आतले त्यांनी वडिलांकडून ऐकलेले होते, म्हणून त्यांना ते पाठ होते. पांढरे नेसून या, असे सांगितले होते म्हणून वडिलांनी उसने पांढरे धोतर नेले. भंते चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना दीक्षा दिली तेव्हा मागे असलेल्यांना दिसले काहीच नाही, फक्त पुढून एक लाट आल्यासारखी शांतता आली. मग बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि त्या मोठ्याने म्हणताना शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा त्यांच्या खांद्याला सारखा लागत होता. परतल्यावर वडील हे खांद्याचे पुन्हापुन्हा सांगत. "खांदा लागला अन् कोनी बाजूला सरकलं नाही," असे.

हा फोटो रंगीत फिल्मवर काढला असता तरी फार वेगळा आला नसता. माणसे पांढरी नेसली होती, ती पांढरी आली. तिथे कॅमेऱ्याने काही हरवले नाही. खांदा मात्र त्याच्या आवाक्यातला नव्हता. तो एका सालदाराने घरी नेला आणि मुलाला दिला.

मी हिशेब केला. तो सालदार नागपूरहून परतला, त्यानंतर महिन्याभराने मी जन्मलो. म्हणजे मला खांद्यावर घेऊन हिंडवणारा माणूस बावीस प्रतिज्ञा घेऊन आलेला माणूस होता. आणि माझ्यावर पाणी शिंपडले जात होते. त्याला ते दिसत असणार. आत्याला मी हे विचारले. ती म्हणाली, "दिसे ना. तो तिकडं तोंड करून उभा राहे." त्यानंतर मी तिला आणखी काही विचारले नाही.

महिनाभराने ते अकोल्याहून आले. मी पूर्ण प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी खिशातून भिंग काढले. फोटोतल्या आजोबांकडे, माझ्या आईवडिलांकडे त्यांनी पाहिले नाही. पाहावे असे मलाही वाटले नाही. हातावर भिंग धरून ते म्हणाले, "नख चिरलेलं आहे बघा, अंगठ्याचं. कडबा तोडताना विळा लागला होता." मला ते नख दिसले नाही. चांदीच्या कणांत इतके बारीक उतरले असेल का, तेही सांगता येणार नाही. मी हो म्हणालो.

आत्याने त्यांना आत बोलावले, खाटेवर बसवले, चहा दिला. आवाज कसा होता ते तिने काढून दाखवले. बोळक्या तोंडाने तो नीट निघेना. मग त्यांनी काढला. "असा?" "हो, असाच," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वाशीमला एका फोटो स्टुडिओत गेलो. त्यांना फक्त हाताचा भाग मोठा करून हवा होता, घरात लावायला. स्टुडिओतल्या तरुणाने फोटो संगणकावर घेतला, मोठा केला, डावीकडे सरकवला. पडद्याची किनार, हात, आणि त्यापलीकडे कोरा कागद. त्याने विचारले, रंगीत करून देऊ का, पन्नास रुपये जास्त पडतील.

"नको. आहे तसाच."

"पण काका, यात माणूस कुठे आहे?"

"आहे," ते म्हणाले. "तुम्ही काढा."